फेजुआदा

काळा घेवडा आणि डुकराचे खारवलेले मांस एकत्र शिजवून केलेला ब्राझीलमधील दाट रश्श्याचा पदार्थ. ‘फेजाँव’ (घेवडा) या पोर्तुगीज शब्दावरून हे नाव पडले. काळा घेवडा म्हणजे उडीद नव्हे. तो राजम्याच्या जातीचा, मूळचा अमेरिका खंडातला आहे. ब्राझीलच्या बाहिया राज्यात मात्र तपकिरी घेवडा वापरतात.

घेवडा आणि मांस आदल्या रात्री वेगवेगळे भिजत घालतात. मीठ उतरावे म्हणून मांसाचे पाणी दोन-तीनदा बदलतात. डुकराचे कान, शेपूट व पाय, सुकवलेले गोमांस आणि धुरी दिलेले सॉसेज यांसह घेवडा मंद आचेवर शिजतो. शेवटी डावभर घेवडा लसणीवर परतून, ठेचून पुन्हा भांड्यात सोडतात. रश्श्याला दाटपणा येतो तो यामुळेच.

उगमाविषयी मतभेद आहेत. मालकांनी टाकून दिलेल्या तुकड्यांपासून गुलामांनी आपल्या वस्तीत (सेंझाला) हा पदार्थ घडवला, ही समजूत सर्वाधिक रूढ आहे. ब्राझीलचे लोकसंस्कृतीचे अभ्यासक लुईस दा कामारा कास्कुदो यांनी 1960 च्या दशकात ती अमान्य करून, मांस व कडधान्य एकत्र शिजवण्याच्या युरोपीय परंपरेशी फेजुआदाचे नाते जोडले. हे मत अधिक ग्राह्य दिसते. कान आणि पाय पोर्तुगालमध्ये टाकाऊ नव्हे, आवडीचे मानले जात. गुलामांच्या वाट्याला मुख्यतः घेवडा व कसावा या कंदाचे पीठ येई, मांस क्वचितच. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्राझीलमधील रेसिफे शहराच्या वृत्तपत्रांत आलेले छापील उल्लेखही खाणावळीतील फेजुआदाचे आहेत. तथापि 1888 पर्यंत गुलामगिरी कायम असलेल्या या देशात श्रीमंतांच्या घरची चूल बहुधा गुलाम स्त्रियांच्याच हाती होती. समजूत नाकारताना त्यांच्या हातच्या चवीचा वाटा नाकारला जाऊ नये.

भात, बारीक चिरून परतलेली कोबीवर्गीय पालेभाजी, फारोफा आणि संत्र्याच्या फोडी यांसह वाढल्यास तिला ‘फेजुआदा कॉम्प्लेता’ म्हणतात. फारोफा म्हणजे लोण्यात भाजलेला कसाव्याचा भरडा. याच कंदाच्या स्टार्चपासून आपल्याकडे साबुदाणा होतो. सोबत उसाच्या रसाच्या ‘काशासा’ या मद्यात लिंबू व साखर घालून केलेली ‘काइपिरीन्या’ घेतात. शनिवारची दुपार हा फेजुआदाचा ठरलेला वेळ. साओ पाउलोत बुधवारीही ती मिळते.

पोर्तुगालमध्ये पांढऱ्या वा तांबड्या घेवड्याची फेजुआदा करतात. गोव्यातील ख्रिस्ती घरांत तिच्यात तिखट-आंबट गोवन ‘चोरीस’ (डुकराच्या मांसाचे सॉसेज) पडतो.