सुरळीची वडी, मोदक आणि विमानाच्या काचा

वागळे इस्टेटमध्ये एक रेडियमवाला आहे. दुचाकींच्या नंबरप्लेटा, रिक्षाच्या मागच्या काचेवरचं ‘आई एकवीरा प्रसन्न’, टेम्पोच्या कपाळावरचे वाघ, सगळं त्याच्या कटिंग प्लॉटरमधून सुर्र सुर्र करत बाहेर पडतं. (त्या चकाकणाऱ्या स्टिकरमध्ये रेडियमचा कणही नसतो. पूर्वी घड्याळाचे काटे अंधारात दिसावेत म्हणून खरं रेडियम वापरत, ते नाव स्टिकरला चिकटून राहिलं.) मागच्या वर्षी मी त्याच्याकडे पेनड्राइव्ह घेऊन गेलो. त्याने माझं डिझाइन उघडलं, मोठं केलं, आणखी मोठं केलं आणि मग कोपऱ्यातला आकडा वाचला.

“काका, हे तीन इंच ना?”

“तीन मिलिमीटर.”

“कशाचं आहे?”

“विमानाची खिडकी.”

त्याने मान हलवली आणि कापायला घेतलं. पाच मिनिटांनी निम्म्या खिडक्या पात्याबरोबर उचलून गेल्या होत्या आणि उरलेल्या चुरगळल्या होत्या. पैसे घेईना. म्हणाला, “वाघ आणा काका, वाघ फर्स्ट क्लास काढून देतो.”

विमान होतं व्हल्टी व्हेंजन्स. दुसऱ्या महायुद्धात बर्माच्या आघाडीवर आपल्या हवाई दलाच्या ७ आणि ८ क्रमांकाच्या स्क्वाड्रननी उडवलेलं, अमेरिकन बनावटीचं डाइव्ह बॉम्बर. माझ्याकडचं अर्थातच सुटे भाग जोडून करायचं प्लॅस्टिकचं मॉडेल, १:७२ प्रमाणातलं, म्हणजे खऱ्या विमानाचे सहा फूट माझ्या टेबलावर एक इंच. पायलट आणि गनरच्या डोक्यावर काचेचं लांबलचक छत आहे, त्याला कॅनॉपी म्हणतात. तिच्या काचा मोजता मोजता चहा गार होतो. किटमध्ये ती अख्खी पारदर्शक प्लॅस्टिकची येते. काचांमधल्या पट्ट्या तेवढ्या रंगवायच्या आणि काचा मोकळ्या ठेवायच्या. त्यासाठी प्रत्येक काचेवर तिच्याच मापाचा चिकट तुकडा बसवायचा, सगळ्यावर एअरब्रशने, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनाएवढ्या बंदुकीने, रंग मारायचा आणि तुकडे सोलून काढायचे. हे तुकडे म्हणजे मास्क. रांगोळीच्या छाप्याचीच ही जात, फक्त हा छापा चिकटतो.

खऱ्या विमानात पट्टी तीन सेंटीमीटर रुंद धरली तर १:७२ मध्ये ती ०.४२ मिलिमीटर होते. मास्क ०.२ मिलिमीटर सरकला की जवळजवळ निम्मी पट्टी गायब. इतकी वर्षं मी हे काम पेपर कटरने हातानेच करत आलो. पण माझी चाळिशी आता पन्नाशीची झाली आहे. शेवटी प्रिंटरएवढं एक घरगुती कटिंग मशीन घेतलं. लग्नपत्रिका, वाढदिवसाची तोरणं असल्या कामांसाठी लोक घेतात तेच.

अशा मशीनची मोटर ठरावीक पावलांनी फिरते. बऱ्याच घरगुती मशिनांमध्ये एक पाऊल ०.०५ मिलिमीटरचं असतं, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही बारीक. खऱ्या विमानावर ते ३.६ मिलिमीटर भरेल. तेव्हा प्रश्न सुटला असं वाटलं होतं. पण पाऊल बारीक असलं म्हणून काप तितकाच अचूक येत नाही, कारण पातं मोटरच्या मागून चालतं.

मॉलमधल्या ट्रॉलीचं पुढचं चाक आठवा. त्याचा खिळा आणि जमिनीला टेकणारी जागा एका रेषेत नसतात. चाक थोडं मागे रेलतं, म्हणून ट्रॉली ढकलाल तिकडे ते आपसूक वळतं. या मशीनचं पातं तसंच असतं. त्याला वळवायला वेगळी मोटर नसते. टोक अक्षापासून पाव ते अर्धा मिलिमीटर बाजूला असतं आणि पातं ओढलं जाईल तसं वळतं. सरळ रेषेत काही त्रास नाही, कोपऱ्यात मात्र गंमत होते. मशीनला वाटतं आपण कोपऱ्यावर पोचलो, पण टोक अजून अर्धा मिलिमीटर मागेच असतं. म्हणून सॉफ्टवेअर अक्षाला मुद्दाम कोपऱ्याच्या पुढे नेतं, तिथे एक चिमुकला कंस काढायला लावतं आणि मग नव्या दिशेला लागतं. हा मागे राहण्याचा आकडा चुकीचा भरला की चौकोनाचे कोपरे एक तर गोल होतात, नाहीतर त्यांना शेपटी फुटते. वाघाच्या मिशीत अर्धा मिलिमीटर कुणाला दिसणार? तीन मिलिमीटरच्या काचेत तो सहावा हिस्सा असतो.

मग निम्म्या खिडक्या का उडाल्या? त्याचं गणित मला घरी येताना रिक्षात सुचलं. तुकडा जागेवर धरून ठेवतो तो खालचा चिकटपणा, आणि तो क्षेत्रफळावर ठरतो. त्याला ओढतं ते पातं, आणि ते परिघावरून फिरतं. तीस मिलिमीटरच्या चौकोनाचं क्षेत्रफळ ९०० चौरस मिलिमीटर आणि परीघ १२० मिलिमीटर, म्हणजे परिघाच्या दर मिलिमीटरमागे साडेसात चौरस मिलिमीटरची पकड. तीन मिलिमीटरच्या चौकोनाचे हेच आकडे ९ आणि १२, म्हणजे दर मिलिमीटरमागे पाऊण. आकार दहापट लहान झाला की पकडही दहापट ढिली. त्यातून स्टिकरच्या मागचा कागद स्टिकर सहज सुटावा म्हणूनच सिलिकॉन लावलेला असतो. बिचाऱ्या रेडियमवाल्याचा काही दोष नव्हता.

घरी मी टेप त्या कागदावर न ठेवता जाड चकचकीत प्लॅस्टिकच्या शीटवर चिकटवतो, पातं नवं लावतो आणि वेग सगळ्यात कमी ठेवतो. पातं टेपच्या आरपार जावं पण शीटमध्ये रुतू नये. स्टिकरवाले याला हाफ कट म्हणतात. टेपची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर, म्हणजे चूक करायला जागा अशी नाहीच. दर वेळी आधी कोपऱ्यात एक छोटा चौकोन कापून तो चिमट्याने उचलून बघायचा. हा चौकोन आळसाने टाळला त्या दिवशी माझी अख्खी शीट वाया गेली.

टेप जपानी कागदाची. जपानी भाषेत ‘वा’ म्हणजे जपानी आणि ‘शी’ म्हणजे कागद, म्हणून वाशी टेप. मी घरात फोनवर “वाशीची टेप संपली” म्हटल्यावर आमच्या मेव्हण्याने तुर्भ्याहून येताना सेक्टर १७ पालथं घालण्याची तयारी दाखवली होती. मास्किंग टेप मात्र मूळची अमेरिकेची. १९२५ साली रिचर्ड ड्रू याने थ्री एम कंपनीत ती बनवली. तेव्हा दोन रंगांच्या मोटारींची टूम होती आणि रंगारी वर्तमानपत्रं गोंदाने चिकटवत. कागद काढताना खालचा रंगही निघायचा. घट्ट बसणारी पण सुटताना मुकाट सुटणारी टेप त्यांना हवी होती. शंभर वर्षं झाली, मॉडेल करणाऱ्यांची मागणी अजून तीच आहे. टेपऐवजी प्लॅस्टिकची मास्किंग फिल्मही मिळते. तिची कड जास्त धारदार येते आणि पावसाळ्यात ती कागदासारखी फुगत नाही. पण वाकलेल्या जागी ती ताणली जाते आणि थोड्या वेळाने मूळ आकारात परत येऊन कडेला उचलते. सपाट पंखावर फिल्म आणि कॅनॉपीवर कागद, असं मी वाटून घेतलं आहे.

आता खरी अडचण. मशीन सपाट कापतं आणि विमान सपाट नसतं.

बेसनाची वडी थापून झाली की आपण तिची सुरळी करतो. कुठे चुणी पडत नाही, कुठे फाटत नाही. त्याच आकाराची उकडीची पारी घेऊन मोदक करायला गेलात तर कळ्या पाडाव्याच लागतात. यात सुगरणपणाचा प्रश्न नाही, भूमितीच तशी आहे. १८२७ मध्ये कार्ल फ्रीडरिश गाउस या जर्मन गणितज्ञाने ते सिद्ध केलं. पृष्ठभागाच्या प्रत्येक बिंदूला एक वक्रता असते आणि तो पृष्ठभाग न ताणता, न फाडता कितीही वाकवला तरी ती वक्रता बदलत नाही. सपाट कागदाची वक्रता शून्य. नळकांड्याचीही शून्यच, कारण ते एका दिशेने वाकलेलं असलं तरी दुसऱ्या दिशेने सरळ असतं. चेंडू दोन्ही दिशांनी वाकलेला, त्याची वक्रता शून्य नाही. म्हणून कागद नळकांड्यावर बसतो, चेंडूवर बसत नाही. गाउसला हा निष्कर्ष इतका आवडला की त्याने त्याला ‘असामान्य प्रमेय’ असंच नाव दिलं.

व्हेंजन्सच्या कॅनॉपीतल्या बहुतेक काचा सुरळीच्या वडीच्या जातीच्या आहेत. टोकाकडच्या दोन-तीन मात्र मोदकाच्या.

किती फरक पडतो ते मोजून बघता येतं. दहा मिलिमीटर त्रिज्येच्या गोलावर पाच मिलिमीटर त्रिज्येची गोल टेप बसवायची आहे असं समजा. टेपचा घेर ३१.४ मिलिमीटर. पण गोलाच्या पाठीवर मध्यापासून पाच मिलिमीटर अंतरावर फिरून यायला वाट असते फक्त ३०.१ मिलिमीटरची. उरलेले १.३ मिलिमीटर जाणार कुठे? ते चुणीच्या रूपाने वर येतात आणि चुणीखालून रंग आत शिरतो. हीच टेप निम्म्या त्रिज्येची घेतली तर जास्तीचा घेर १.३ वरून ०.१६ मिलिमीटरवर येतो. एवढं कागद पोटात घालतो.

या गणितातून उपाय आपोआप निघतो. मोठ्या गोल काचेचा मास्क एकसंध कापायचाच नाही. काचेच्या कडेकडेने दीड मिलिमीटर रुंदीची पट्टी कापायची, तीही दोन-तीन तुकड्यांत, आणि मधली मोकळी जागा ब्रशने द्रवरूप मास्कने भरायची. तो रबरासारखा वाळतो आणि नंतर सोलून निघतो. नाहीतर पारीला कळ्या पाडतो त्याच जागी मशीनकडून पाचरी कापून घ्यायच्या, छत्रीच्या कापडाचे तुकडे असतात तशा. मी दोन्ही करून पाहिलं. पाचरी दिसायला हुशार वाटतात, पण जोडांवर रंग झिरपतो. मला पट्टी आणि रबरच बरं वाटतं.

काचांचं माप घेताना हीच भूमिती उलट बाजूने कामाला येते. कॅनॉपीवर टेप दाबून बसवायची, पट्ट्यांच्या उठावदार कडा पेन्सिलीने गिरवायच्या आणि टेप काढून सपाट कार्डावर चिकटवायची. जी टेप मुकाट सपाट होते ती काच सुरळीची. जी वळवळते ती मोदकाची, तिच्यावर तिथल्या तिथे खूण करून ठेवायची. मग कार्ड स्कॅनरवर. मोबाइलने फोटो काढू नका, कॅमेरा जरा तिरका झाला की माप बिघडतं. ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपके धरले तर, एक ठिपका ०.०४२ मिलिमीटरचा असतो, म्हणजे मशीनच्या पावलापेक्षा किंचित बारीक. सोबत स्टीलची पट्टी स्कॅन केली की प्रमाण पडताळता येतं. इंकस्केप या चित्रं आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये रेषा काढताना प्रत्येक आकार मी सर्व बाजूंनी ०.०५ मिलिमीटर आत घेतो. मास्क काचेपेक्षा जरासा लहान असलेला परवडतो. मोठा असला तर तो पट्टीवर चढतो आणि कड हवेत राहते.

रंगाबद्दल थोडंच सांगतो. मास्कची कड कितीही दाबली तरी खाली सूक्ष्म फटी राहतात आणि केशाकर्षणाने पातळ रंग त्यात ओढला जातो. दिव्याच्या वातीत तेल चढतं तसंच. म्हणून पहिला हात अगदी विरळ आणि जवळजवळ कोरडा मारायचा. तोही कॅनॉपीच्या आतल्या पट्ट्यांच्या रंगाचा. फटी त्याने बुजतात आणि काचेतून आत पाहिलं तर पट्टीची आतली बाजू योग्य रंगाची दिसते. त्यावर वरचा रंग. जुलैत ठाण्याची हवा पिळली तर पाणी निघेल, तेव्हा लॅकर रंग मी कपाटात ठेवतो. त्यातला थिनर झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार होतो, त्यावर हवेतलं बाष्प जमतं आणि रंग पांढुरका पडतो.

मास्क काढताना टेप सरळ वर ओढू नये, तिच्याच पाठीवर दुमडून मागे न्यावी. रोनाल्ड रिव्हलिन याने १९४४ मध्ये टेप सोलण्याचं जे सूत्र मांडलं, त्यानुसार काटकोनात ओढायला जितका जोर लागतो त्याच्या निम्म्या जोरात अशी दुमडलेली टेप सुटते. रंग पूर्ण कडक व्हायच्या आत ती काढावी, नाहीतर कडेचे टवके उडतात.

पंखांवरच्या वर्तुळांसाठी फिल्म वापरली. बर्माच्या आघाडीवर आपल्या विमानांच्या चिन्हातला लाल रंग काढून टाकला होता, कारण लांबून तो जपानच्या लाल गोळ्यासारखा दिसे. मागे राहिला गडद निळा आणि मध्ये फिकट निळा. अशी दोन वर्तुळं एकाच केंद्रावर बसवणं हाताने महाकठीण, मशीनने सोपं. चौकोनी फिल्ममध्ये दोन्ही वर्तुळं एकदमच कापायची, चौकोन पंखावर लावायचा, मधली चकती आणि कडं दोन्ही काढून फिकट निळा मारायचा. तो वाळला की दोन्ही परत जागेवर ठेवायची आणि फक्त कडं उचलायचं. चकती कुठे बसवायची ते कड्यानेच ठरवलेलं असतं. मग गडद निळा.

कॅनॉपीचे मास्क गेल्या रविवारी काढले. सुरळीच्या सगळ्या काचा स्वच्छ निघाल्या. मोदकाच्या एका काचेत, दोन पट्ट्यांच्या जोडावर, निळसर रंगाचा तिळाएवढा डाग होता. टूथपिक तिरकी कापून चपटी केली, थिनरच्या बाटलीच्या झाकणात जेमतेम ओली केली आणि अर्धा तास खरवडत बसलो. आता तो दिसत नाही. म्हणजे चाळिशी लावल्याशिवाय दिसत नाही.