चट्टा कशाचा आहे ते आधी पाहा

सोयाबीनचं निंदण सुरू झालं की दिवसभर ओले कपडे अंगावर राहतात, मग जांघेत, कमरेला, करदोड्याखाली गोल चट्टे उठतात आणि खाज अशी की रात्रभर झोप नाही. आपण याला गजकर्ण नाहीतर नायटा म्हणतो, डॉक्टर चिठ्ठीवर टिनिया लिहितात. ही बुरशी आहे. कातडीच्या सगळ्यात वरच्या मेलेल्या थरातलं केराटिन नावाचं प्रथिन खाऊन जगते आणि बाहेर बाहेर सरकत जाते, म्हणून कडा लाल, उठलेली आणि मधला भाग साफ दिसतो.

आता होतं काय, तालुक्याला मेडिकलमधून कोणीतरी सांगितलेली ट्यूब येते, तिच्यात बुरशीच्या औषधासोबत क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन असतं, म्हणजे तगडं स्टिरॉइड. दोन दिवसात खाज थांबते, माणूस खुश. पण स्टिरॉइडने त्या जागची प्रतिकारशक्ती दबते, बुरशी मोकाट पसरते, वरून ती गोल कडाच पुसली जाते त्यामुळे पुढे डॉक्टरलाही पटकन ओळखू येत नाही (याला टिनिया इन्कॉग्निटो असं नावच आहे). जांघेतली कातडी पातळ होऊन ज्या रेघा पडतात त्या कायमच्या राहतात. चांगल्या तरण्या पोरापोरींच्या अंगावर हे पाहून खरंच जीव तुटतो, म्हणून ट्यूबच्या मागची नावं वाचत जा.

पाठीवर, मानेवर बारीक कोंडा असलेले फिकट ठिपके म्हणजे शिबं. त्याचं यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, सगळ्यांच्याच कातडीवर असतं, घामाने वाढतं. औषधाने जातं, रंग परत यायला मात्र काही महिने लागतात.

कोड म्हणजे व्हिटिलिगो, हे वेगळंच. कोंडा नाही, बधिरपणा नाही, फक्त दुधासारखा पांढरा डाग, कारण शरीराची प्रतिकारशक्तीच रंग बनवणाऱ्या पेशी मारते. हात लावून, एका ताटात जेवून हे कधीच पसरत नाही आणि याचा कुष्ठरोगाशी काहीही संबंध नाही, तरी अजून यावरून सोयरिकी मोडतात!

आणि ज्याला खरं भ्यायला पाहिजे तो चट्टा खाजतही नाही, दुखतही नाही. फिकट किंवा लालसर, तिथं घाम येत नाही, केस गळतात आणि मुख्य म्हणजे स्पर्श कळत नाही, कारण कुष्ठरोगाचे जंतू नसांमध्ये बसतात. लागण झाल्यावर डाग दिसायला सरासरी 5 वर्षं जातात. ज्या चंद्रपूर जिल्ह्यात बाबा आमट्यांनी 1949 मध्ये वरोऱ्याजवळ आनंदवन उभं केलं तिथल्या माणसाला हे सांगावं लागू नये, पण लागतं.

घरी कापूस आहेच. डोळे मिटायला सांगा, कापसाचं टोक डागावर आणि शेजारच्या चांगल्या कातडीवर आलटून पालटून टेकवा, कुठं लागलं ते बोटाने दाखवायला सांगा. डागावरचं कळत नसेल तर आशाताईला दाखवा, नाहीतर सरळ पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) जा. कापसाने कळलं तरी डाग हटत नसेल तर दाखवाच, काही डागांत बधिरपणा उशिरा येतो. एमडीटीच्या, म्हणजे कुष्ठरोगावर एकत्र दिल्या जाणाऱ्या अनेक औषधांच्या, गोळ्या फुकट आहेत, कोर्स डागांच्या संख्येप्रमाणे 6 किंवा 12 महिन्यांचा. हात-पाय वाकडे होतात ते उशीर केल्याने, आणि एकदा मेलेली नस या गोळ्यांनी परत येत नाही.