वजन कमी करण्याच्या ऑपरेशननंतर त्रास होतोय? येताना ऑपरेशन नोट आणा

ऑपरेशन दुसरीकडे झालं, काही महिन्यांनी किंवा वर्षांनी त्रास सुरू झाला, आणि आता पुढचे उपचार आमच्याकडे घ्यायचे आहेत, अशांसाठी हे पत्रक आहे. स्लीव्ह म्हणजे काय, बायपास म्हणजे काय, हे तुम्हाला नव्याने सांगत नाही. ते तुम्ही ऑपरेशनच्या आधीच चार ठिकाणी वाचलेलं असतं. ज्या एका गोष्टीपायी पहिली भेट वाया जाते, मुख्यतः तिच्याबद्दल लिहितो आहोत.

फोनवर वेळ देताना आम्ही विचारतो, "ऑपरेशन नोट आहे ना?" समोरून उत्तर येतं, "हो हो, सगळी फाइल आहे." प्रत्यक्षात त्या जाड फाइलमध्ये बिलं असतात, विम्याचे कागद असतात, ऑपरेशनच्या आधीच्या रक्ततपासण्या असतात, डाएटचा तक्ता असतो आणि डिस्चार्ज कार्ड असतं. ऑपरेशन नोट नसते. मग तुम्ही लांबून आलेले, आम्ही तुमच्यासाठी वेळ राखून ठेवलेला, आणि बोलणं मात्र सगळं अंदाजाने.

डिस्चार्ज कार्डावर भागत नाही

डिस्चार्ज कार्डावर ऑपरेशनचं नाव, तारखा, घरी घ्यायच्या गोळ्या आणि टाके कधी दाखवायचे एवढंच असतं. ऑपरेशन नोट म्हणजे सर्जनने ऑपरेशन संपल्यावर आत काय केलं त्याची लिहिलेली नोंद. बहुतेक वेळा एखादं पान, कधी हाताने लिहिलेलं. पण त्यात असतं ते दुसरीकडे कुठेच नसतं: जठराची पिशवी केवढी ठेवली, स्लीव्ह (नळीसारखं ठेवायचं जठर) कापताना मापासाठी आत घातलेली नळी किती जाडीची वापरली, किती सेंटिमीटर आतडं वगळलं, आतड्याच्या पडद्यात राहिलेल्या फटी शिवल्या की नाही, पित्ताशय जागेवर आहे की काढलं, शेवटी लीक टेस्ट (शिवण किंवा जोड गळतोय का ही तपासणी) केली का, आणि ठरवलेलं नव्हतं असं काही करावं लागलं का.

यावर इतका जोर का देतो, ते एका तक्रारीवरून सांगतो. "जेवलं की पोटात कळ येते, थोड्या वेळाने जाते." स्लीव्ह झालेला माणूस हे म्हणाला, तर आम्ही आधी नळीसारखं उरलेलं जठर वाकणाजवळ अरुंद झालंय का ते बघतो. पित्ताशय जागेवर असेल तर तेही सोडत नाही, कारण वजन झपाट्याने उतरताना खडे होतात. रू-एन-वाय बायपास (जठराची छोटी पिशवी थेट पुढच्या आतड्याला जोडलेला, दोन जोडांचा बायपास) झालेला माणूस हेच म्हणाला, तर जोडाजवळचा अल्सर आणि अंतर्गत हर्निया या दोन गोष्टी डोक्यात येतात. अल्सर एंडोस्कोपीत, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून बघताना, दिसतो. हर्निया लबाड असतो. वजन उतरताना आतड्याच्या पडद्यातली चरबी वितळते, फटी मोठ्या होतात, आतडं त्यातून सरकतं, पीळ पडतो आणि बऱ्याचदा आपोआप सुटतोही. कळ थांबल्यावर केलेला सीटी स्कॅन साफ नॉर्मल येऊ शकतो. मग रुग्णाला ॲसिडिटीच्या गोळ्या मिळत राहतात, आणि एखाद्या दिवशी पीळ सुटत नाही. आतड्याचा रक्तपुरवठा तुटायला मग फार वेळ लागत नाही.

अशा वेळी नोटमध्ये "फटी शिवल्या नाहीत" असं दिसलं, तर आम्ही तिसरा स्कॅन सांगण्याऐवजी पोटाला छोटी छिद्रं पाडून दुर्बिणीतून आत बघण्याचा विषय लवकर काढतो. शिवल्या असतील तर शक्यता कमी होते, पण संपत नाही. शिवलेल्या फटी पुन्हा उघडतात. म्हणजे नोट हे उत्तर नव्हे, पण कुठून सुरुवात करायची ते तिच्यावरून ठरतं.

मिनी बायपासचंही तेच. नावामुळे पुष्कळांना ते हलकं ऑपरेशन वाटतं. १९९७ मध्ये डॉ. रॉबर्ट रटलेज यांनी सुरू केलेल्या या पद्धतीत जोड एकच असतो, हे खरं. पण वगळलेलं आतडं साधारण १५० ते २०० सेंटिमीटर असतं, काहींचं त्याहून जास्त. पाय सुजणं, सतत जुलाब आणि रक्तातलं प्रथिन घसरणं अशी तक्रार घेऊन कुणी आलं, तर हा सेंटिमीटरचा आकडा आम्हाला सगळ्यात आधी हवा असतो. आहार आणि पाचक औषधांवर भागेल की पुन्हा ऑपरेशन करून आतडं मार्गावर घ्यावं लागेल, हे बऱ्याच अंशी त्यावर ठरतं.

नोट मागायची कशी

हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात जाऊन "माझे सगळे कागद द्या" म्हटलं, तर पुन्हा डिस्चार्ज कार्डाची प्रत हातात पडते. म्हणून नाव घेऊन मागा. अर्ज असा लिहिला तरी चालेल:

"माझ्या अमुक तारखेच्या शस्त्रक्रियेची ऑपरेशन नोट, भूल दिल्याची नोंद, काढलेल्या जठराचा पॅथॉलॉजी रिपोर्ट, आणि त्यानंतरच्या सर्व एंडोस्कोपी व सीटी स्कॅनचे रिपोर्ट प्रतिमांसह मिळावेत."

'प्रतिमांसह' हे विसरू नका. बायपास झालाय हे स्कॅन वाचणाऱ्याला कुणी सांगितलेलं नसेल, तर रिपोर्टात नेमकं हवं ते निसटू शकतं. म्हणून स्कॅन आम्ही स्वतः पुन्हा बघतो.

"जुन्या डॉक्टरांना वाईट वाटेल" म्हणून कित्येक जण हे मागतच नाहीत. मागण्यात गैर काही नाही, आणि समजूतदार सर्जन स्वतःहून देतो. खरं तर तो सर्जन अजून उपलब्ध असेल, तर आमच्या आधी त्यालाच दाखवा. आत काय केलंय ते त्याच्याइतकं कुणाला माहीत नसतं. आमच्या धंद्याला हे सांगणं परवडतं का, असं एकाने विचारलं होतं. परवडतं. तिथे समाधान झालं नाही की लोक येतात, आणि येताना नोट घेऊन येतात.

आणखी एक. "आधीच्या डॉक्टरांचं चुकलं असं लिहून द्या" हा आग्रह आमच्याकडे धरू नका. लीक, अल्सर, अरुंदपणा हे निष्णात हातांकडूनही होतं. झालंय ते दुरुस्त करणं हे आमचं काम.

कागद शोधत बसू नका, सरळ इमर्जन्सीत जा

वरचं सगळं सवडीच्या भेटीसाठी आहे. पुढचं काही असेल तर आमची वेळही घेऊ नका, जवळच्या मोठ्या हॉस्पिटलात जा:

ऑपरेशननंतरच्या आठवड्यांत नाडी मिनिटाला १२० च्या वर राहणं, ताप, धाप किंवा डाव्या खांद्यात दुखणं. बायपासनंतर कधीही पोटात असह्य, न थांबणारी कळ. रक्ताची उलटी, काळी शौच. दिवसभर पाण्याचा घोटही न टिकणं. एका पायाला सूज, छातीत दुखणं.

आणि एक लक्षण जे लोक पोटाशी जोडतच नाहीत: बरेच दिवस उलट्या चालू असताना एकाच्या जागी दोन दिसायला लागणं, चालताना तोल जाणं, बोलण्यात गोंधळ. शरीरात थायमिन म्हणजे बी१ चा साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा असतो. तो संपला की मेंदूला इजा होते, आणि उशीर झाला तर ती कायमची राहू शकते. तिथल्या डॉक्टरांना ऑपरेशन झाल्याचं सांगा आणि ग्लुकोजची सलाइन लावण्याआधी थायमिन देण्याची आठवण करा. न घाबरता करा, आगाऊपणा वाटला तरी चालेल.

आमच्याकडे नाव नोंदवलेल्या प्रत्येकाला आम्ही पाकिटात मावेल असं कार्ड करून देतो. त्यावर ऑपरेशनचा प्रकार आणि तारीख, थायमिनची सूचना, नाकातून नळी अंदाजाने न घालण्याची सूचना, आणि आयबुप्रोफेन-डायक्लोफेनॅक जातीच्या गोळ्या न देण्याची सूचना असते. या गोळ्या आणि तंबाखू, बायपासच्या जोडावर अल्सर होण्याची ही दोन मोठी कारणं. डोकं दुखलं म्हणून घरातली गोळी घेतली, असं सहज सांगणारे आम्हाला रोज भेटतात.

येण्याआधी आणखी थोडं

भेटीच्या आधी तीन दिवस काय खाल्लं ते लिहून आणा, आणि त्रास किती वाजता सुरू झाला तेही. "जेवल्यावर घाम येतो, थरथरतं" एवढ्यावर आम्हाला काही ठरवता येत नाही. खाल्ल्यापासून अर्ध्या तासाच्या आत आलं तर अन्न आतड्यात फार लवकर उतरतंय. एक ते तीन तासांनी आलं तर साखर खाली जातेय. दोन्हींचे उपाय वेगळे. आणि साखरेचं पाणी पिऊन करायची तपासणी कुणी सांगितली, तर बायपास झाल्याचं आधी सांगा, कारण त्या पाण्यानेही हाच त्रास उठू शकतो.

रक्ततपासणीच्या आधी केसांसाठीच्या बायोटिनच्या गोळ्या दोन-तीन दिवस बंद ठेवा. थायरॉइडसारखे काही रिपोर्ट त्यांनी चुकीचे येतात. बाकी व्हिटॅमिन, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या मात्र "रिपोर्ट नॉर्मल आला" म्हणून बंद करू नका. गोळ्या चालू होत्या म्हणूनच तो नॉर्मल आला होता. बी१२ चा साठा यकृतात काही वर्षं पुरतो, त्यामुळे गोळी सोडल्याचा परिणाम कळायला उशीर होतो, आणि तोवर हातापायांना मुंग्या सुरू झालेल्या असतात. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांत किमान दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर लोह अंगी लागत नाही.

आमच्या पद्धतीबद्दल

कागद आधी मागवून घेतो आणि ते वाचण्याची फी वेगळी लावतो, यावर कुरकुर होते, ती आम्हाला माहीत आहे. पण फाइल आधी वाचलेली असली, की तुमची भेट तुमच्याशी बोलण्यात जाते, आमच्या पानं उलटण्यात नाही. आहारतज्ज्ञ आधी आणि सर्जन नंतर, हा क्रमही मुद्दाम ठेवलाय. निम्म्या गोष्टी तिथेच कळतात. पहिल्याच भेटीत दुसऱ्या ऑपरेशनची तारीख आम्ही देत नाही, तुम्ही मागितली तरी. अरुंद झालेला जोड पुष्कळदा एंडोस्कोपीतून फुगा फुगवून मोकळा होतो, आणि अल्सर बहुतेकदा औषधांनी आणि तंबाखू सोडल्यावर भरतो. ते करून बघितल्याशिवाय पोट पुन्हा उघडायला आम्ही तयार नसतो.

हॉस्पिटल बंद पडलंय, रेकॉर्ड सापडत नाही, सर्जन निवृत्त झालेत, असंही असतं. तसं असेल तर फोनवरच सांगा. एंडोस्कोपी, औषध पिऊन काढलेले एक्स-रे आणि सीटी स्कॅन यांवरून ऑपरेशनचा प्रकार बहुधा ओळखता येतो, फक्त वगळलेल्या आतड्याची लांबी खात्रीने सांगता येत नाही. अशा रुग्णांना आम्ही सकाळची पहिली वेळ देतो आणि उपाशीपोटी बोलावतो, म्हणजे एंडोस्कोपी त्याच दिवशी उरकते. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल, तर उपाशी राहण्याआधी त्या दिवसाचा डोस आम्हाला विचारून घ्या.