देशमुखांचा राजीनामा बेळगावसाठी होता?

17 जानेवारीला हुतात्मा चौकात फुलं वाहताना बेळगावात कुणीतरी पोरांना सांगतंच, "चिंतामणराव देशमुखांनी बेळगावसाठी केंद्रातल्या अर्थमंत्रिपदावर लाथ मारली." खानापूर-निपाणीकडेही हेच ऐकू येतं. पण ते खरं नाही, आणि बेळगावसह सीमाभाग महाराष्ट्रात यावा ही आपली मागणी इतकी रास्त आहे की तिला चुकीचा दाखला जोडूच नये.

सी. डी. (चिंतामणराव) देशमुखांनी जुलै 1956 मध्ये मंत्रिपद सोडलं ते मुंबईसाठी. मुंबई केंद्रशासित करायचं ठरलं होतं. मंत्रिमंडळात रीतसर चर्चा न करता नेहरूंनी हा निर्णय जाहीर केला आणि मुंबईतल्या गोळीबाराची चौकशी नाकारली, हे त्यांनी भर लोकसभेत सांगितलं. केवढं धाडस! मराठी मुलूख हरखून गेला. त्या जानेवारीत बेळगावातही गोळ्या चालल्या होत्या, त्यामुळे सीमाभागाला हा राजीनामा आपलाच वाटला. गैरसमज बहुधा तिथूनच रुजला.

केंद्रशासित मुंबईचा बेत ऑगस्टमध्येच मागे पडला आणि मराठी-गुजराती असं द्वैभाषिक मुंबई राज्य ठरलं. बेळगाव जिल्ह्यातला चंदगड तालुका तेवढा त्यात आला. बाकी जिल्हा 1 नोव्हेंबर 1956 ला म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेला.