सेराटोडस

सेराटोडस ही फुप्फुसमिनांची, म्हणजे फुप्फुसाने हवा घेऊ शकणाऱ्या माशांची, नामशेष प्रजाती (जीनस; तिच्यात अनेक जाती येतात) आहे. निसर्गशास्त्रज्ञ लुई अगासी यांनी १८३८ मध्ये तिला हे नाव दिले. त्यांच्यापुढे इंग्लंडमधील ऑस्ट येथील ट्रायासिक (सुमारे २५ ते २० कोटी वर्षांपूर्वीच्या) थरातले सुटे दात होते आणि ते त्यांना शार्कसारख्या माशाचे वाटले. वर्गीकरणात तिचे आजचे स्थान असे : खंडपर (मांसल परांचे) मत्स्य, डिप्नोई उपवर्ग, सेराटोडॉन्टिफॉर्मीस गण, सेराटोडॉन्टिडी कुल, नमुना जाती (प्रजातीचे नाव जिच्यावर आधारलेले असते ती) सेराटोडस लॅटिसिमस.

या माशाचा सांगाडा बराचसा कूर्चेचा असल्याने क्वचितच टिकतो, दंतपट्ट (दातांचे काम करणारे कंगोरेदार पट्ट) मात्र टिकतात. वर दोन आणि खाली दोन असे हे मोठे पट्ट हाडाला पक्के जडलेले असतात. वरच्या पट्टावर साधारण पाच, तर खालच्यावर चार कंगोरे आतल्या कोपऱ्यातून पंख्यासारखे फाकतात. जाती ठरवताना कंगोऱ्यांची संख्या, पहिल्या व शेवटच्या कंगोऱ्यामधला कोन आणि पट्टाची रुंदी पाहतात. घोटाळा होतो तो झिजेमुळे. हे पट्ट पडून नवे येत नाहीत. बाहेरच्या कडेला भर पडत जाते आणि आतली बाजू घासून सपाट होते. म्हणून एकाच जातीचे पिल्लू आणि म्हातारा मासा दोन वेगळ्या जाती वाटू शकतात. कंगोरे मोजायचे ते बाहेरच्या कडेवरच. एकट्या झिजलेल्या पट्टावरून नवी जाती उभी करणे धोक्याचे, आणि या प्रजातीत तसे वारंवार घडले आहे.

१८७० मध्ये प्राणिशास्त्रज्ञ जेरार्ड क्रेफ्ट यांनी ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमधला जिवंत मासा दातांवरून ओळखून याच प्रजातीत घातला. पुढे त्याच्यासाठी निओसेराटोडस ही स्वतंत्र प्रजाती झाली.

नांदेडच्या खाली गोदावरी तेलंगणात उतरते. तिकडे प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातल्या मालेरी थरांत, उत्तर ट्रायासिक काळातल्या लाल मातकट खडकांत, हे दंतपट्ट मिळतात. भूवैज्ञानिक थॉमस ओल्डहॅम यांनी १८५९ मध्ये तिथल्या तीन जातींचे वर्णन केले : हिस्लोपियानस, हंटेरियानस आणि विरपा. पहिल्या दोन नावांत नागपूरचे मिशनरी हिस्लॉप आणि हंटर आहेत. यांतल्या काही जाती आता टायकोसेराटोडस या जवळच्या प्रजातीत घालतात, कारण त्यांचे कंगोरे अधिक उंच व धारदार आहेत. सेराटोडसचे पट्ट बसके, चिरडण्याजोगे असतात.

खुद्द मराठवाड्यात सेराटोडस शोधण्यात अर्थ नाही. इथला काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे आणि ट्रायासिक थर पृष्ठभागावर येत नाहीत. पैठणजवळच्या गोदाकाठच्या किंवा मांजरा खोऱ्यातल्या जुन्या गाळात कंगोरेदार दात सापडला, तर तो बहुधा हत्तीच्या दाढेचा तुकडा असतो. त्याचे कंगोरे एकमेकांना समांतर जातात; फुप्फुसमिनाचे एका कोपऱ्यातून फाकतात. दात जागेवरच अलगद साफ करून आधी एवढे तपासावे. गाळातून तो उपटू नये, जागेचा फोटो आणि थराची खोली नोंदवून ठेवावी. थर हरवला की दाताचे वय ठरवणे फार अवघड होते.