ऑस्प्रेच्या घरट्याची राखण : थोडी पार्श्वभूमी

मे उजाडला की नाशिकच्या पक्षीवाल्यांच्या फोनवर घरट्यावरच्या थेट कॅमेऱ्याची एक लिंक हमखास फिरते. स्कॉटलंड नाहीतर वेल्समधलं एखादं घरटं, काटक्यांचा हा एवढा ढीग, मधल्या खळग्यात तपकिरी डागांची तीन अंडी आणि त्यांच्यावर बसलेली ऑस्प्रे या मासे मारून खाणाऱ्या शिकारी पक्ष्याची मादी. तिकडे साडेचारला उजाडतं तेव्हा आपल्याकडे नऊ वाजलेले असतात. नराने आणलेला पहिला मासा बघता बघता ऑफिसचा डबा भरून होतो. अंडी फुटेपर्यंत इकडचा उन्हाळ कांदा चाळीत जाऊन पडलेला असतो. पिल्लं घरट्याच्या कडेवर उभी राहून पंख झाडायला लागतात तेव्हा गोदावरी फुगलेली असते, आणि दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागल्याचे फोटो त्याच ग्रुपवर येत असतात.

दर वर्षी या लिंकबरोबर दोन शंका निघतात. नाशिकजवळच्या नांदूरमध्यमेश्वर बंधाऱ्यावर हिवाळ्यात दिसतो तो हाच का? आणि आपण घरट्याचा साधा फोटोही टाकू नका म्हणून एकमेकांना दटावतो, मग हे लोक अख्ख्या जगाला घरटं उघडं करून कसे दाखवतात?

पहिल्या शंकेचं उत्तर छोटं आहे. जात तीच, पक्षी ते नव्हेत. ब्रिटनमधले ऑस्प्रे हिवाळा काढायला सेनेगल, गांबिया अशा पश्चिम आफ्रिकेतल्या किनाऱ्यांवर जातात. आपल्याकडे ऑक्टोबरच्या सुमारास येणारे पक्षी उत्तर आशियातून उतरतात आणि मार्चअखेर परततात. नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा ब्रिटिश काळात गोदावरी-कादवेच्या संगमाशी पाटपाण्यासाठी बांधला, त्यात गाळ साचत गेला, गाळात पाणवनस्पती आल्या आणि पक्षी आले. 1986 साली अभयारण्य झालं. 2020 च्या जानेवारीत रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, नाव आल्याचं जाहीर झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. पण बदकांना मानवणारं ते उथळ, वेलींनी भरलेलं पाणी ऑस्प्रेच्या फारसं कामाचं नाही. त्याला झेप घ्यायला मोकळं पाणी लागतं. म्हणून तो बंधाऱ्याच्या खोलगट बाजूला, नाहीतर सरळ गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला शोधावा. संसार तिकडे आणि सुट्टी इकडे, असा हा पाहुणा. नाशिककराला त्याचं अर्धंच आयुष्य दिसतं, उरलेलं अर्धं पडद्यावर.

नावाचा घोळ मात्र आपला स्वतःचा आहे. कोणी मोरघार म्हणतं, कोणी मीनखाई घार, कोणी मत्स्यगरुड. पक्षी बघायच्या मनोऱ्यावर उभे असलेले सगळे ऑस्प्रेच म्हणतात. शास्त्रीय वर्गीकरणात तो घारीत बसत नाही आणि गरुडातही नाही, त्याचं कुळच वेगळं धरलेलं आहे. बाहेरचं बोट मागे फिरवता येतं, तळव्यांना मासा निसटू नये म्हणून काटेरी खवले असतात, बुडी मारताना नाकपुड्या मिटतात. जुनं नाव शोधायचं तर ते भागवताच्या अकराव्या स्कंधात आहे. अवधूताने यदूला सांगितलेल्या चोवीस गुरूंमध्ये एक 'कुरर' येतो. तोंडात आमिष धरलेल्या कुरराला दुसरे पक्षी टोचत सुटतात, तो आमिष टाकून देतो तेव्हा कुठे त्याला सुख लागतं. संस्कृत कोशांत कुररचा अर्थ ऑस्प्रे असा दिलेला सापडतो. दत्ताच्या चोवीस गुरूंच्या मराठी याद्यांत मात्र या कुरराची टिटवी झाली आहे. टिटवी चोचीत मासा धरून चालली होती आणि मागे कावळे-घारी लागल्या, अशी गोष्ट लहानपणी ऐकली होती. टिटवी मासा धरत नाही हे कळायला मला दुर्बीण घ्यावी लागली.

आणि गोष्टीतला प्रसंग नांदूरला चापडगावच्या बाजूला जसाच्या तसा बघायला मिळतो. ऑस्प्रे चिलापी घेऊन उठतो, अंगावरचं पाणी झटकतो, एक पाय पुढे एक मागे घेऊन माशाचं तोंड उडायच्या दिशेला वळवतो. एवढ्यात ब्राह्मणी घार येतेच. मग दोघांची वर-खाली पळापळ. एकदा मासा सुटला तो पानवेलींत पडला आणि कोणालाच मिळाला नाही. ऑस्प्रे वाळलेल्या बाभळीवर जाऊन बसला. त्याला सुख लागलं की नाही ते दुर्बिणीतून कळलं नाही.

आता दुसरी शंका. तिच्यासाठी ब्रिटनमध्ये जावं लागतं, कारण घरट्यासमोर माणसांनी उभं राहून ऑस्प्रेची पिल्लं मोठी होताना बघायची आज माहीत असलेली रीत तिथेच रुळली.

एकोणिसाव्या शतकात तिकडे हा पक्षी दोन बाजूंनी मारला गेला. मासे पळवतो म्हणून जमीनदारांचे राखणदार गोळी घालायचे, आणि जसजसा तो दुर्मीळ झाला तसतशी त्याच्या अंड्यांची किंमत वाढत गेली. अंडी जमवणं हा तेव्हा प्रतिष्ठितांचा छंद होता. 1916 नंतर स्कॉटलंडमध्ये घरटं उरलं नाही. 1954 मध्ये एक जोडी लॉख गार्टन या तळ्याच्या परिसरात परत आली, बहुधा स्कँडिनेव्हियाकडून. त्याच वर्षी तिकडे रानपक्ष्यांची अंडी उचलणं बेकायदा ठरवणारा कायदाही झाला. पण कायद्याने छंद सुटत नसतो.

पहिली काही वर्षं पक्षीसंरक्षणवाल्यांनी तेच केलं जे आपण करतो: जागा लपवली. मोजक्या लोकांना सांगायचं, त्यांनी आळीपाळीने रात्रंदिवस पहारा द्यायचा. लपवलेली जागा चोराला माहीत होतीच. 1958 च्या जूनमध्ये रात्रीच्या अंधारात एकजण पाइनच्या झाडावर चढला. पहारेकरी धावले, तो पळाला. झाडाखाली ऑस्प्रेची अंडी फुटलेली सापडली आणि घरट्यात कोंबडीची दोन अंडी, बुटाचं तपकिरी पॉलिश चोपडलेली. मादी त्यांच्यावर बसावी आणि चोरी उघडकीला येऊ नये, असा बेत.

या पॉलिशच्या अंड्यांनी पुढचा निर्णय घडवला असं माझं मत आहे. 1959 मध्ये जोडी पुन्हा आली तेव्हा तिथल्या पक्षीसंरक्षण संस्थेने उलटा डाव टाकला. जागा जाहीर केली. घरट्यापासून पुरेशा अंतरावर लपणगृह बांधलं, आत दुर्बिणी बसवल्या, रस्त्यावर पाटी लावली आणि लोकांना या म्हटलं. भोवतालच्या जागेत मात्र पाऊल टाकायला कायद्याने बंदी. त्या एका हंगामात सुमारे 14,000 माणसं येऊन बघून गेली आणि घरट्यातून तीन पिल्लं उडाली.

ही गोष्ट आता इतक्या वेळा सांगितली जाते की निर्णय किती जोखमीचा होता ते विसरायला होतं. देशात पिल्लं काढणारी माहीत असलेली एकच जोडी. ती बिथरली असती तर दोष सरळ बोलावणाऱ्यांवर आला असता, चोरावर नव्हे. गर्दीमुळे रान तुडवलं जातं, एका जागी चाललं म्हणून दुसरीकडे कोणीही उठून तसंच करतो, पक्ष्याचा तमाशा होतो. हे आक्षेप तेव्हाही खरे होते आणि आजही आहेत. तरी मला निर्णय बरोबर वाटतो, आणि त्याचं कारण तीन पिल्लं उडाली हे नाही. पिल्लं नशिबानेही उडतात. खरं कारण राखणीचं आहे. आपल्याकडे बाजरी निसवली की शेतकरी माळ्यावर बसतो, हातात गोफण. शेत काही लपवता येत नाही, पाखरांना ते दिसतंच. लपवायला गेलं तर अडचण एवढीच होते की राखणीला माणसं मिळत नाहीत. 1959 मध्ये पाटी लावल्यावर चौदा हजार राखणदार मिळाले आणि लॉख गार्टनचं घरटं हे सगळ्यांचं शेत झालं.

आपण इकडे 1959 चं उदाहरण देतो तेव्हा यातलं निम्मंच सांगतो. जागा खुली केली हे सांगतो. अंतर, आडोसा, बंदीचा पट्टा आणि चोवीस तासांचा पहारा आधी उभा केला, मग पाटी लावली, हे सांगत नाही. मी स्वतः या चुकीतून गेलो आहे. निफाडजवळ एका द्राक्षबागेच्या बांधावर कडुलिंबात शिक्र्याचं घरटं होतं. मी जागा फक्त दोघांना सांगितली, दोघेही भरवशाचे. रविवारी बांधावर सात गाड्या. कोणीतरी फोटो स्वच्छ यावा म्हणून आडवी येणारी फांदी छाटली. पिल्लांवरची सावली गेली, वरून कावळ्यांना घरटं दिसलं. बुधवारी बागवान म्हणाला, "भाऊ, तुमची पाखरं गेली." त्याने 'तुमची' म्हटलेलं अजून टोचतं. आपल्याकडच्या बहुतेक पक्षी ग्रुपांनी आणि स्पर्धांनी घरट्याचे फोटो बंद केले ते अशाच अनुभवांतून, आणि जिथे पहारा नाही तिथे ती बंदी हवीच.

पहारा असूनही सगळं सुरळीत होतं असं नाही. 1986 मध्ये लॉख गार्टनचं घरट्याचं झाड कोणीतरी करवतीने कापायचा प्रयत्न केला. 2021 च्या एप्रिलअखेर वेल्समधल्या लिन ब्रेनिग जलाशयात घरट्याचा खांबच रात्री चेनसॉने पाडला, त्याच हंगामात पहिलं अंडं आलेलं असताना. कोणी, का, कशासाठी, ते बघणाऱ्याच्या डोक्यात शिरत नाही.

अमेरिकेतली कथा वेगळ्या वाटेने गेली, ती इथे थोडक्यात. तिथे चोर नव्हता, फवारणी होती. डीडीटी हे कीटकनाशक पाण्यातून माशांत आणि माशांतून मादीच्या अंगात गेलं, अंड्यांची कवचं इतकी पातळ झाली की उबवताना चिरडू लागली. 1960 च्या दशकाच्या अखेरीस कनेक्टिकटमधली अंडी मेरिलँडच्या घरट्यांत आणि तिकडची इकडे अशी अदलाबदल करून पाहिली. मेरिलँडची अंडी कनेक्टिकटच्या आईबापांखाली फुटली, कनेक्टिकटची अंडी परक्या उबेतही फारशी फुटली नाहीत. दोष उबवणाऱ्यांत नव्हता, अंड्यात होता. 1972 मध्ये तिथे डीडीटीवर बंदी आली आणि पक्षी सावरले. द्राक्षाच्या जिल्ह्यात राहणाऱ्याने हा परिच्छेद सावकाश वाचावा.

पडद्यावरचं घरटं ही यापुढची पायरी. 1996 पासून स्कॉटलंडची पिल्लं मध्य इंग्लंडमधल्या रटलंड वॉटर या जलाशयावर नेऊन सोडायला सुरुवात झाली, 2001 मध्ये तिथे पहिलं पिल्लू निघालं. नंतर वेल्सही लागलं. माणसांनी खांबांवर घरटी बांधून द्यायची, पक्ष्यांनी ती पसंत करायची, वर कॅमेरा. लपणगृहातून जे दिसत नव्हतं ते आता दिसतं: नर माशाचं डोकं खाऊन उरलेला मासा घरी आणतो. मादी नखाएवढा तुकडा तोडून मान वाकडी करते आणि सगळ्यात पुढे घुसलेल्या पिल्लाच्या चोचीत ठेवते. अंडी एकाच दिवशी फुटत नाहीत, म्हणून थोरलं आणि धाकटं यात दोन-चार दिवसांचं अंतर असतं आणि मासे कमी पडले की ते अंतर धाकट्याच्या जिवावर येतं. साधारण 37 दिवस अंडी, मग सात-आठ आठवडे पिल्लं.

जे दिसतं ते सहनही करावं लागतं. 2012 च्या जूनमध्ये वेल्समधल्या डवी (Dyfi) नदीकाठच्या घरट्यावर वादळ आलं. नराला मासा मिळेना, तीनपैकी दोन पिल्लं हजारो लोकांच्या डोळ्यांदेखत गेली. तिसरं जाणार हे दिसत असताना राखणदार वर चढले, त्यांनी त्याला मासा भरवला. निसर्गात हात घालू नये, असं तेव्हा बऱ्याच जणांचं म्हणणं होतं. ज्यांनी खांब रोवला, घरटं विणून दिलं, कॅमेरा लावला, त्यांनी शेवटच्या दिवशी हात बांधून बसणं मला तरी पटलं नसतं. पिल्लू वाचलं, मोठं झालं, उडालं आणि त्याच हिवाळ्यात सेनेगलमध्ये मासेवाल्यांच्या जाळ्यात अडकून मेलं.

राहता राहिला तो दर उन्हाळ्यात येणारा फोन. मे महिन्यात गंगापूरच्या बॅकवॉटरला ऑस्प्रे बसलेला दिसला, घरटं करत असेल का? करत नसतो. पहिल्या हिवाळ्याला खाली उतरलेलं पिल्लू पुढच्या उन्हाळ्यात सहसा परत जात नाही, दुसरा उन्हाळा येईपर्यंत इथेच रेंगाळतं. आदल्या ऑगस्टमध्ये आई आधी निघून गेलेली असते, बाप नंतर, आणि ते एकटंच वाट काढत इथवर आलेलं असतं. तेव्हा वाळक्या बाभळीवर भर उन्हात चोच वासून बसलेला दिसला, तर बघावं आणि गाडी लांबच ठेवावी.