व्हॉल्व्ह सीटचा कोन: ४५ अंश की ३०?

इंजिनाचे सिलिंडर हेड, म्हणजे सिलिंडरवरचे झाकण, उघडून व्हॉल्व्ह (हवा आणि धूर आत-बाहेर सोडणारी झडप) बाहेर काढला, की त्याच्या डोक्याच्या कडेला एक अरुंद, करडा पट्टा दिसतो. जेमतेम दीड मिलिमीटर रुंदीच्या या पट्ट्यावर व्हॉल्व्ह सीटला, म्हणजे हेडमधल्या त्याच्या बैठकीला, टेकतो आणि ज्वलनाचा सगळा दाब तेथेच अडवला जातो. हेडची दुरुस्ती करताना हा पट्टा किती अंशांत कापायचा हा प्रश्न किरकोळ वाटतो. पण हवेचा प्रवाह, गळती, उष्णता आणि झीज या सगळ्यांचा हिशेब त्या कोनाशी येऊन थांबतो.

येथे कोन व्हॉल्व्हच्या दांड्याला काटकोनात असलेल्या पातळीपासून मोजला आहे. काही जण तो दांड्याच्या अक्षापासून मोजतात आणि मग ३० अंशांची सीट ६० अंशांची म्हणून सांगितली जाते. सीट कापायचे हत्यार, म्हणजे कटर, मागवण्यापूर्वी एवढे विचारून घ्यावेच.

बहुतेक इंजिनांत सीट ४५ अंशांची असते. व्हॉल्व्ह नुकताच उघडत असताना हवेला मिळणारी खरी फट सीटच्या पृष्ठभागाला काटकोनात मोजावी लागते, आणि ती लिफ्टला (व्हॉल्व्ह सीटपासून जेवढा उचलला जातो त्या अंतराला) कोनाच्या कोसाइनने गुणून मिळते. म्हणजे व्हॉल्व्ह २ मिमी उचलला, तर ४५ अंशांच्या सीटवर फट सुमारे १.४ मिमी आणि ३० अंशांच्या सीटवर सुमारे १.७ मिमी असते. कमी लिफ्टमध्ये ३० अंशांचा लाभ असा उघड आहे. मात्र लिफ्ट व्हॉल्व्हच्या व्यासाच्या एक चतुर्थांशापर्यंत पोहोचली, की भोवतालच्या फटीचे क्षेत्रफळ व्हॉल्व्हच्या डोक्याच्या क्षेत्रफळाइतके होते आणि पुढे अडसर सीटचा न राहता पोर्टचा, म्हणजे हेडमधल्या हवेच्या वाटेचा, होतो. तेव्हा उभट, म्हणजे जास्त अंशांच्या, सीटवरून हवा कमी वळण घेऊन सिलिंडरमध्ये उतरते, म्हणून शर्यतीच्या जास्त लिफ्टच्या इंजिनांत ५० किंवा ५५ अंशांच्या सीटही दिसतात. साध्या इंजिनात त्यांची नक्कल केली, तर कमी लिफ्टमधला प्रवाह गमावला जातो आणि बदल्यात फारसे काही मिळत नाही.

प्रवाहाइतकेच महत्त्व पाचरीच्या परिणामाला आहे, म्हणजे तिरक्या पृष्ठभागामुळे जोर वाढण्याला. स्प्रिंगच्या जोराचे सीटवरचे लंब बल ४५ अंशांत सुमारे १.४१ पट होते, तर ३० अंशांत १.१५ पटच राहते. त्यामुळे ४५ अंशांचा व्हॉल्व्ह आपोआप मध्यावर बसतो, काजळीचे कण चिरडतो आणि घट्ट बंद होतो. पण ज्वलनाच्या दाबाने त्याचे डोके किंचित वाकले, की तो सीटवर अधिक सरकतो आणि झीज वाढते. अवजड डिझेल इंजिनांत आणि गॅसवर चालणाऱ्या इंजिनांत, जेथे सीटला वंगणासारखा थर फारसा मिळत नाही, तेथे ३० किंवा त्याहूनही कमी अंशांचा कोन निवडण्याचे हे मोठे कारण आहे. शिसेयुक्त पेट्रोल होते तेव्हा शिशाच्या संयुगांचा पातळ थर सीट वाचवत असे. ते गेल्यावर जुन्या हेडमध्ये कठीण धातूच्या सीट बसवाव्या लागल्या.

एक्झॉस्ट व्हॉल्व्हची (धूर बाहेर सोडणाऱ्या झडपेची) बहुतांश उष्णता सीटमधूनच हेडमध्ये जाते. म्हणून त्याची सीट साधारण १.५ ते २ मिमी ठेवतात आणि इनलेटची, म्हणजे हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हची, १ ते १.५ मिमी. सीट फार अरुंद केली तर व्हॉल्व्ह तापून जळतो, फार रुंद केली तर दाब पसरतो आणि काजळी अडकते. ही रुंदी साधण्यासाठी ४५ अंशांच्या सीटला वरून ३० आणि खालून ६० अंशांचा छेद देतात. वरच्या छेदाने टेकण्याचा पट्टा आत सरकतो, खालच्याने बाहेर.

माझे स्पष्ट मत असे, की रोजच्या वापरातल्या इंजिनात उत्पादकाने दिलेला कोन बदलू नये. ३० अंशांची सीट कापली तर व्हॉल्व्हही ३० अंशांचेच लागतात. त्याऐवजी आधी गाइडची (व्हॉल्व्हचा दांडा ज्यात सरकतो त्या नळीची) झीज तपासावी, कारण कटरला मध्यावर धरणारा दांडा, म्हणजे पायलट, गाइडमध्ये बसतो आणि गाइड ढिले असेल तर अचूक कोनाची सीटही एका बाजूला कलते. सीट कापून झाल्यावर व्हॉल्व्हच्या कडेला प्रशियन ब्लू या निळ्या रंगाचा पातळ थर लावून तो सीटवर हलकेच दाबावा. सीटवर उमटलेले निळे वर्तुळ कोठे तुटले असेल, तर गळती तेथूनच होणार. कापण्यामुळे व्हॉल्व्ह हेडमध्ये जेवढा खाली बसला असेल तेवढे त्याच्या दांड्याचे टोक वर येते, म्हणून स्प्रिंगचा जोर कायम राखण्यासाठी तिच्याखाली योग्य जाडीचा शिम (पातळ चकती) घालावा लागतो आणि टॅपेट क्लिअरन्स, म्हणजे दांड्याचे टोक आणि त्याला दाबणारा भाग यांतली फट, नव्याने लावावा लागतो.